वखारीत दिवा नव्हता

दौलत, तेव्हा रात्र झाली होती. हे मी आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकून "पाह्य, किसना कबूल झाला" असं तू वर कुणाला सांगत सुटायला नको. सूर्य बुडाला होता, कावळे झाडावर बसले होते आणि तू हातातलं पान नाकाशी धरून बघत होतास. त्याला मी दिवस म्हणणार नाही. काल तुझी तेरवी झाली, तरी म्हणणार नाही.

माणूस गेला की त्याच्याबद्दल चार बरे शब्द लिहायचे असतात, आणि मी सुरुवातच भांडणाने केली. पण आपल्यात दुसरं शिल्लक तरी काय होतं? अकोल्याच्या त्या संध्याकाळपासून तू भेटलास की रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही. "किसना, दिवस होता." मी म्हणायचो, "रात होती, दौलत." मग तू चिलीम पुढे करायचास. काल पंगतीत पत्रावळ पुढ्यात आली, वरणभात वाढून झाला, आणि मी हात आखडून बसलो. ते वाक्य अजून कुणी म्हटलं नव्हतं ना. शेजारचा म्हणाला, "जेवा ना जी, काय पाहून राह्यले?"

आपण काय धंदा करतो असं कुणी विचारलं की तू सांगायचास, "देवाचं नाव घेतो. दिवसा रामाचं, राती किसनाचं." भोळा माणूस असला तर हात जोडायचा. त्यात खोटंही नव्हतं. गंजिफाच तशी. दहा अवतारांची रंगवलेली गोल पानं, प्रत्येक अवताराचा एक राजा, खेळायला तीन गडी. दिवसा ज्याच्या हाती रामाचा राजा येईल त्याची उतारी, पहिलं पान टाकायचा मान त्याचा. रात्र झाली की तो मान कृष्णाच्या राजाकडे. अचलपूरच्या हकीमसाहेबांनी आपल्याला हे शिकवलं. दहा अवतार त्यांना आपल्यापेक्षा नीट पाठ होते आणि वामन आधी की परशुराम आधी यावरून त्यांनी तुझा कान पिळला होता. रात्र कधी झाली हे ठरवायची रीतही त्यांचीच. घरातली बाई दिवा आणून ठेवायची, सगळे हात जोडायचे, आणि पुढच्या डावापासून कृष्ण. दिवा येईपर्यंत दिवस. इतकी सोपी गोष्ट होती, आणि तिच्यावरून आपलं वाटोळं झालं.

तेव्हा मात्र वाटोळं वगैरे कुणाच्या मनात नव्हतं. तिकडे सातासमुद्रापार गोरे आपसात लढायला लागले, त्यांचा कापूस बंद पडला, आणि इकडे आपल्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. अमरावतीहून अकोल्यापर्यंत गाड्यांची रांग तुटत नव्हती. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. कालपर्यंत दुसऱ्याच्या ओट्यावर टेकणारे लोक शेठ झाले, आणि शेठ झाले की त्यांना गंजिफा आठवायची. आपण दोघं त्या गाड्यांच्या मागे फिरलो. बाजार अकोल्याला तर आपण अकोल्याला, अमरावतीला तर घरी. मी कोणतं पान गेलं आणि कोणतं राहिलं हे लक्षात ठेवायचो. तू पानांकडे बघायचासच नाहीस, समोरच्या माणसाच्या मानेकडे बघायचास. "पानं खोटी बोलत नाईत, मान बोलते," असलं काहीतरी तू ठोकून द्यायचास आणि जिंकायचास वर. मला तुझा राग यायचा. माझी सगळी पाठांतरं एका बाजूला, आणि तुझं ते बेदरकार हसणं एका बाजूला.

अमरावतीत अंबादरवाज्याजवळचं घर तू त्याच पैशातून बांधलंस. घर लहान आणि मागची जागा मोठी. वहिनी माळ्याची लेक, तिला भिंतींपेक्षा माती जास्त हवी होती. विहिरीच्या बाजूने शेवंती, कुंपणाला मोगरा, मध्ये झेंडूचे वाफे. सकाळी देवीला जाणाऱ्या बाया कुंपणापाशी थांबायच्या आणि वहिनी त्यांच्या ओटीत मूठभर फुलं टाकायची. पैसे घे म्हटलं तर म्हणायची, "पैसे हे आनते ना, मी कायले घेऊ?" तू तेव्हा ओसरीवर बसून फुगायचास. मी तुला चिडवायचो, की तुझं नाव दौलत, पण दौलत सगळी मागच्या वाफ्यात आहे. तू म्हणायचास, "मंग? तिचीच हाये."

तिची होती, हे तुला ठाऊक होतं. मग अकोल्याला ती तुझ्या तोंडून कशी निघाली, दौलत? हे मी तुला कधी विचारलं नाही. आपण दिवस की रात्र यावरच भांडत राहिलो. मला वाटतं, दोघांनाही तेच बरं होतं.

पण मूर्तिजापूरची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर अकोल्याचं काही कळणार नाही. तिथल्या धर्मशाळेत कुणीतरी ओरडलं की किसनने पान लपवलं. पाचसहा जण उठले. माझी बोबडी वळली. मी खरं बोलत होतो, आणि खरं बोलणाऱ्याची जीभ अशा वेळी नेमकी जड होते. तू शांतपणे डोक्यावरचं पागोटं काढलंस आणि जमिनीवर सर्वांच्या पायांपाशी ठेवलंस. "किसना खोटं बोलत नाई. आजवर बोलला नाई, पुढं बोलनार नाई. बोलला निंगला त तुडवा हे पागोटं, अन मंग मले." कुणी पाऊल पुढे टाकलं नाही. पान पुढे एकाच्या मांडीखाली सापडलं. तेव्हापासून माझा लौकिक झाला. मोठा डाव असला की खेळणाऱ्यांत नसलेला एक साक्षीदार लागतो, भांडण झालं तर त्याचा शब्द शेवटचा. साऱ्या वऱ्हाडात साक्षीला मला बोलवायला लागले. माझ्या शब्दाला जी किंमत आली ती तुझ्या पागोट्याने आली, दौलत. त्याचे उपकार मी मानतो. आणि त्याच शब्दाखाली तू सापडलास.

अकोल्याच्या कापूसवाल्या गुलाबशेठने म्हणूनच मला साक्षीला मान्य केलं. प्रतिपक्षाचा दोस्त साक्षीला बसतो असं कुणी ऐकलं आहे? तूच नाव सुचवलंस आणि तो हसून म्हणाला, "किसनभाऊ असतीन त मले कायची फिकीर?" माघातले दिवस होते. त्याच्या घरी बाजाराची गर्दी, म्हणून डाव मोर्णा नदीच्या काठच्या त्याच्या वखारीत मांडला. दोन्ही बाजूंना छतापर्यंत कापूस, मध्ये सतरंजी. तू, गुलाबशेठ, आणि तिसऱ्या हाताला आपले हकीमसाहेब. मी दाराशी. आदल्या साली त्याच ओळीतली एक वखार चिलमीच्या ठिणगीने बेचिराख झाली होती, म्हणून आत विस्तव न्यायची बंदी. चिलीम, चकमक सगळं फाटकावर काढून ठेवून आत शिरायचं. अंधार पडायच्या आत काम आटपून कुलूप लावायचं, ही वखारीची शिस्त.

दिवस कलता कलता तू सगळं घालवलंस. सुगीभर मिळवलेलं सगळं. मी दोनदा खाकरलो. साक्षीदाराला बोलायची मुभा नसते. तिसऱ्यांदा खाकरलो तेव्हा तू म्हणालास, "किसना, घसा बसला अशीन त मोर्णेचं पानी पेऊन ये." सगळे हसले. तू पण हसलास, पण तुझ्या मानेवर घाम होता, थंडीच्या दिवसांत. मी तुझ्याकडूनच मान बघायला शिकलो होतो. उठ, मनातल्या मनात मी म्हणत होतो, आतातरी उठ रे बाप्पा.

मग हकीमसाहेब नमाजाला गेले. मगरिबच्या, दौलत! सूर्य बुडाल्यावरचा तो नमाज. ते परत आले, दाढीचं पाणी हाताने निपटलं आणि म्हणाले, "बस, आखरी बाजी." त्यांनी पानं वाटली. तू तुझी पानं उचललीस आणि तुझा डावा कान लाल झाला. हे फक्त मलाच ठाऊक होतं, की हात भारी आला की तुझा डावा कान लालभडक होतो. तू पान नाकाशी नेऊन बघितलंस. मग थोडा वेळ वर, आढ्याकडे बघत बसलास. मला वाटलं देवाला आठवतोयस. नंतर कळलं, तू हिशेब करत होतास.

"माहं घर," तू म्हणालास.

"अंबादरवाज्याचं?"

"मळ्यासकट."

गुलाबशेठने आपल्या पानांकडे बघितलं आणि भोवताली हात फिरवला. "हा सारा कापूस." त्या भावात त्या कापसात गल्लीच्या गल्ली विकत आली असती. आणि दोघांची पानं एकदमच सतरंजीवर आपटली. तुझा रामाचा राजा. त्याचा कृष्णाचा.

"रामाची उतारी," तू म्हणालास.

"रात झाली, दौलतराव. किसनाची."

"दिवा कुठी हाये?"

"वखारीत दिवा लावतेत काय कोनी?"

"मंग रात कशी झाली? दिवा नाई त रात नाई. साऱ्या वऱ्हाडात हाच कायदा हाये. इचारा साहेबायले."

तेव्हा मला तुझा हिशेब कळला. उजेड किती आहे याचा तू विचारच केला नव्हतास. या वखारीत दिवा येऊच शकत नाही, म्हणून इथे रात्र होऊच शकत नाही, म्हणून उतारी सदा रामाची, असं तू आढ्याकडे बघत ठरवलंस आणि त्यावर वहिनीचे वाफे लावलेस. उतारी मिळाली तर तो हात तुझा होता, मी नंतर पानं बघितली. कापसाची सारी वखार तुला घरी न्यावी लागली असती. इतका बिनतोड मूर्खपणा फक्त तुलाच सुचू शकतो. आणि फक्त गंजिफावाल्यालाच तो पटू शकतो, कारण एक क्षण मलाही पटला होता.

हकीमसाहेबांनी पानं पालथी ठेवली. "झगडा मत करो. साक्षीदार बैठा है. किसनभाऊ, आप बोलो. दिन है के रात?"

मी उठून दाराबाहेर गेलो. मोर्णेच्या पाण्यावर उजेड नव्हता. पलीकडच्या वस्तीत चुली पेटल्या होत्या. आत वळून बघितलं तर पांढराशुभ्र कापूस राखेच्या रंगाचा दिसत होता आणि तुझा चेहरा मला दिसत नव्हता, नुसती आकृती. दिसला असता तर? मी स्वतःला हे किती वेळा विचारलं असेल. दिसला असता तरी मी तेच बोललो असतो, असं मी दर वेळी ठरवतो.

"रात," मी म्हणालो.

तू आरडाओरडा केला नाहीस. बाकीची पानं नीट एकावर एक ठेवलीस, जणू उद्या परत खेळायचं आहे. डाव संपला. सकाळी गाडी जुंपली, मूर्तिजापूर मागे पडलं. मग एकदम म्हणालास, "तू किसन ना बे. किसनाच्याच बाजूनं बोलशीन." मला हसू फुटलं. तुलाही फुटलं. आपण दोघं गाडीत वेड्यासारखे हसलो आणि हसता हसता तू गाडीच्या कठड्यावर कपाळ टेकून रडायला लागलास. बैल थांबले. मी त्यांना हाकललं नाही.

घरी पोचलो तेव्हा वहिनी परडीत फुलं खुडत होती. तू कुंपणाच्या आत पाऊल टाकेनास. सांगितलं मी. ती ऐकत राहिली, परडी खाली ठेवली आणि विहिरीकडे गेली. मी दोन पावलं तिच्यामागे धावलो. पण तिने पोहरा सोडला आणि पाणी ओढायला लागली. "झाडायले पानी देऊन घेतो आदी. उन्हं तापन मंग." एकेका वाफ्याला ती पाणी देत गेली, शेवटच्या झेंडूपर्यंत, ज्याची फुलं आता दुसऱ्याची होती. मग पदराला हात पुसत माझ्याकडे आली. "भाऊजी, तुमी खोटं काहून नाई बोलले?"

मी तिने खाली ठेवलेली परडी उचलून तिच्या हातात दिली. खोटं बोललो असतो तर तुझं पागोटं मूर्तिजापूरच्या धर्मशाळेत जमिनीवर पडलेलं मला दिसलं असतं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? फुलांच्या बदल्यात पागोटं. बाईमाणसाला हे सांगून बघावं.

तू बडनेऱ्याला भाड्याची खोली घेतलीस, आगगाडीचे रूळ पडत होते तिकडे. मी खेळ सोडला, बाजारात मापारी झालो, वजन सांगायला लागलो. तू नाही सोडलास. गाडीवानांशी खेळलास, रुळावरच्या मजुरांशी खेळलास, दमडीवर खेळलास, भाकरीवर खेळलास. घरातली वाकळ लावून आलास आणि थंडीत कुडकुडलास. वहिनी लोकांच्या ओट्यावर बसून कापसातली सरकी काढायची, बोटांना भेगा पडायच्या, आणि तू ती मजुरी कनवटीला लावून निघायचास, घर परत जिंकायला! मी एकदा तुला रस्त्यात धरून हलवलं, "दौलत, घर दमडीच्या डावावर येत नाई रे." तू म्हणालास, "दमडीचा रुपया होते, रुपयाचं घर होते. माहा हात वाईट नोयता, किसना. हात माहा भारी होता. तूच म्हनला, रात." लोक तुला हसत होते, ते तुला जास्त लागलं होतं. रात्री रामावर घर लावणारा दौलत, असं तुझं नाव पडलं. फाटक्या लंगोटीने तू जगला असतास, पण डाव कळत नाही असं कुणी म्हटलेलं तुला सहन होत नव्हतं. म्हणून तुला तो एक शब्द हवा होता. दिवस. साक्षीदाराच्या तोंडून. घर राहिलं बाजूला.

आणि मग तिकडची लढाई थांबली. कापसाचा भाव असा पडला की गाड्या बाजारातून भरलेल्याच परत गेल्या. गुलाबशेठची वखार लिलावात गेली आणि तुझं घर तिसऱ्याच कुणाच्या घशात. तू तरी अकोल्याला चालत गेलास, गुलाबशेठला शोधलंस. परत आलास तेव्हा तुझ्या तळपायांना फोड होते आणि डोळे चमकत होते. "खेयलो, किसना. त्याच्याजवय काईच नोयतं, म्हनून चिंचोके लावले. दुपारी खेयलो, लखलखीत उन्हात. रामाची उतारी होती. सारे चिंचोके जिंकलो." कनवटीतून काढून मला दाखवलेस. मी तुझ्या हातातले चिंचोके बघत उभा राहिलो. तुला मिठी मारावी की थोबाडीत द्यावी, मला कळेना. मी नुसतं म्हणालो, "बस खाली, पाय धुऊन देतो." तू पाय पुढे केलेस. ती तुझी माझी शेवटची चांगली संध्याकाळ.

चैत्रात तुझा ताप उतरेना. मी येऊन बसायचो. वहिनी काढा करायची, तू थुंकायचास. शेवटच्या आठवड्यात एकदा तू माझं मनगट धरलंस. तुझ्या हातात जोर राहिला नव्हता. "किसना. आता कोनी नाई इथं. गुलाबशेठ नाई, साहेब नाई. आता त सांग. दिवस होता ना?" वहिनीने चुलीकडून मान वर केली. तिनेही डोळ्यांनी मला तेच सांगितलं. बोला ना भाऊजी, एक शब्द तर आहे.

"रात होती, दौलत," मी म्हणालो.

तू मनगट सोडलंस आणि भिंतीकडे तोंड केलंस. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. चिलीम नाही, वाक्य नाही, काही नाही. मला वाटलं होतं, उद्या परत भांडेल. तुझ्यामाझ्यात कायम उद्या होता. मी बोललो ते खरं होतं आणि मला त्याची घृणा आली आहे, दोन्ही एकदम. तू हे ऐकत असशील तर हसू नकोस.

तू दुपारी गेलास, ऐन वैशाखात. तुझ्या सरणाला लाकूड मिळेना. रुळाखाली घालायला सगळं लाकूड गेलेलं, उरलं त्याला भाव. मी गाडी घेऊन वणवण केली, कुणाचं मोडकं जोखड, कुणाच्या कवाडाच्या फळ्या, असं करत जमवलं. वहिनीला तिरडीवर घालायला फुलं हवी होती. बडनेऱ्यात फुलं नव्हती. जिने आख्ख्या गल्लीच्या ओट्या भरल्या, तिने नवऱ्यावर तुळशीची चार पानं ठेवली. घरमालक उंबऱ्यात उभा, रात्र काढू देणार नाही म्हणाला, सकाळी लेकीची सोयरीक बघायला पाहुणे येणार होते. नेतो, म्हटलं, आत्ताच नेतो.

उचललं तेव्हा सगळ्यांनी रामाचं नाव घेतलं. राम बोला भाई राम. मी पुढच्या खांद्याला होतो आणि मला एकदम तुझा तो चेहरा आठवला, सतरंजीवर राजा आपटतानाचा.

सरण रचेपर्यंत उशीर झाला. तुझं दुखणं ऐकून आदल्या दिवशीच निघालेले हकीमसाहेब अचलपूरहून आले होते, इतक्या म्हातारपणी, बैलांच्या डमणीत बसून. ते नाल्याकडे गेले होते. वहिनीचा भाऊ विस्तवाचं मडकं घेऊन उभा. तेवढ्यात एक म्हातारा म्हणाला, "थांबा. सूर्य बुडाला. राती अग्नी देता येत नाई. सकाळी देऊ." दुसरा म्हणाला, "बुडाला कुठी? हाये उजेड." कुजबूज सुरू झाली. ठेवायचं कुठे? घरमालक दारात उभं करणार नव्हता. उघड्यावर ठेवायचं तर कुत्री, आणि वैशाखाचा उकाडा. वहिनीचा भाऊ रडकुंडीला आला. मग गाडीवानांपैकी कुणीतरी माझ्याकडे बघितलं, आणि मग सगळेच बघायला लागले. त्यांना सगळ्यांना अकोल्याची गोष्ट ठाऊक होती. त्यांतल्या अर्ध्यांनी तुला तेच नाव ठेवलं होतं.

"किसनभाऊ सांगतीन तसं करू," म्हातारा म्हणाला.

हकीमसाहेब नाल्याकडून वर येत होते. दाढी ओली होती. खांद्यावरचं नमाजाचं फडकं घडी करून त्यांनी बगलेत धरलं. माझ्यापुढे येऊन उभे राहिले. म्हाताऱ्याचे डोळे पाण्याने भरले होते, पण आवाज तोच, वखारीतला. "साक्षीदार खडा है. किसनभाऊ, आप बोलो. दिन है के रात?"

मगरिबचा नमाज पढून आलेला माणूस मला विचारत होता, दौलत.

मी पश्चिमेकडे वळलो. सूर्य नव्हता. कावळे बाभळीवर बसले होते. सरणावरचा तुझा चेहरा मला नीट दिसत नव्हता, नुसती आकृती. मी तुझ्या पायांपाशी गेलो आणि डोक्यावरचं पागोटं काढून खाली मातीत ठेवलं.

"दिवस आहे," मी म्हणालो. "दिवस आहे. द्या अग्नी."

"बेशक," हकीमसाहेब म्हणाले. वहिनीचा भाऊ पुढे झाला. माझ्या पागोट्यावर कुणी पाय दिला नाही, पण मी ते परत उचललंही नाही. काल तेरवीला बोडकाच बसलो होतो. वहिनीने वाढताना हळूच विचारलं, "भाऊजी, उजेडातच झालं ना?" मी मान हलवली.

तेव्हा हे लक्षात ठेव आणि वर कुणाला उलटं सांगू नकोस. अकोल्याला रात्र होती. मी मरेपर्यंत हेच म्हणेन. पण बडनेऱ्याला दिवस होता, दौलत, लखलखीत दिवस होता, आणि उतारी तुझी होती.